गणकयंत्र आणि अक्षर : ‘टिफ्रॅक’पासून देवनागरीपर्यंत

‘गणक’ हा शब्द मुळात यंत्राचा वाचक नव्हे, माणसाचा होय. ग्रहगणित करणारा ज्योतिषी तो गणक, असा संस्कृतातील प्रयोग आहे. इंग्रजीतील ‘कॉम्प्युटर’ या शब्दाचा इतिहासही याहून फारसा निराळा नाही. सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो आकडेमोड करणाऱ्या मनुष्याला लावला जात असे, आणि वेधशाळांतून अशी माणसे वेतनावर नेमलेली असत. यंत्राने त्यांचे काम घेतले तेव्हा त्यांचे नावही घेतले. मराठीत प्रथम ‘गणकयंत्र’ आणि पुढे ‘संगणक’ हा शब्द रूढ झाला. पहिल्या शब्दात ‘यंत्र’ हे पद स्वतंत्रपणे जोडावे लागले, यावरून गणक म्हणजे माणूस ही जाणीव अद्याप पुसली गेली नव्हती असे म्हणता येईल. दुसऱ्यात ती उरली नाही. मात्र दोन्ही शब्दांनी मोजणीची कल्पना तेवढी कायम ठेवली, आणि या कल्पनेने यंत्राच्या स्वरूपाविषयी एक गैरसमज दीर्घकाळ जोपासला. हे यंत्र आकड्यांचे आहे, अक्षरांशी त्याचा संबंध आला तर तो नंतरचा व आनुषंगिक, असा तो गैरसमज.

वस्तुस्थिती याच्या उलट आहे. संख्या आणि अक्षर यांत भेद न करण्याचा गुण या यंत्राच्या अंगी जन्मतःच होता. कोणत्या अक्षरांना प्रवेश द्यावयाचा आणि कोणत्यांना नाही, हे यंत्राच्या रचनेने ठरविले नाही. ते संकेतांच्या कोष्टकाने, म्हणजे माणसांनी ठरविले. मुंबईत पहिले गणकयंत्र सिद्ध झाले १९६० साली, आणि मराठी अक्षरांना प्रमाणित संकेत मिळाले ते १९९१ साली. या तीन दशकांचा इतिहास भाषेच्या अभ्यासकाने केवळ तंत्रज्ञांचा म्हणून बाजूला ठेवण्याजोगा नाही.

प्रथम यंत्राच्या त्या जन्मजात गुणाचा उलगडा करणे अवश्य आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १९४५ च्या अखेरीस पूर्ण झालेले ‘एनियॅक’ हे यंत्र सुमारे १८,००० निर्वात नलिकांचे (व्यवहारात ज्यांना व्हॉल्व्ह म्हणतात त्यांचे) होते. ते अतिशय वेगाने गणित करी. परंतु नवे गणित घालावयाचे झाल्यास तारांच्या जोडण्या बदलाव्या लागत, आणि त्यात कधी दिवसच्या दिवस जात. आज्ञा तारांत आणि संख्या यंत्राच्या पोटात, अशी ही विभागणी होती. जॉन फॉन नॉयमन यांच्या नावाने जून १९४५ मध्ये प्रसृत झालेल्या टिपणात ही विभागणी मोडण्याची कल्पना मांडलेली आहे. आज्ञाही संख्यांच्याच रूपाने लिहून त्याच स्मृतीत साठवावी, म्हणजे जोडणी बदलण्याचे कारण उरत नाही. केंब्रिज येथील ‘एडसॅक’ हे यंत्र ६ मे १९४९ रोजी या तत्त्वावर चालू झाले. एकच आकडा एका ठिकाणी रक्कम आणि दुसऱ्या ठिकाणी आज्ञा असू शकतो, हे एकदा मान्य झाल्यावर तिसऱ्या ठिकाणी तो ‘क’ किंवा ‘म’ असण्यास हरकत ती कोणती? यंत्राच्या दृष्टीने ही सर्व चिन्हेच. चिन्हाचा अर्थ चिन्हाच्या अंगी नसून व्यवस्थेतील त्याच्या स्थानावर अवलंबून असतो, हा भाषाविज्ञानातील सिद्धान्त येथे तांब्याच्या तारांतून प्रत्ययास येतो.

हे नवे शास्त्र महाराष्ट्रात ज्यांनी सर्वांआधी जवळून न्याहाळले त्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी यांची गणना करावी लागते. १९४५ साली होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली तेव्हापासून कोसंबी तेथे गणिताचे प्राध्यापक होते. ते राहत पुण्यास आणि कामाला जात मुंबईस. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची अधिछात्रवृत्ती घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेत गेले, ते गणकयंत्रांच्या तात्त्विक व तांत्रिक अंगांचा अभ्यास करण्यासाठीच. याच सुमारास, १९४८ साली, भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीसाठी त्यांनी शेकडो हस्तलिखितांतील पाठ एकमेकांशी ताडून पाहिले होते. कोणते पाठ कोणत्या हस्तलिखितांत एकत्र आढळतात, त्यांवरून हस्तलिखितांची कुळे कशी लावावयाची, हे काम तत्त्वतः यंत्राने करण्याजोगे आहे, आणि पुढे ते यंत्राने केले जाऊही लागले. पाठचिकित्सा आणि गणकयंत्र ही दोन्ही एकाच अभ्यासकाच्या मेजावर होती. त्यांची गाठ घालून देणारी साधने मात्र तेव्हा देशात नव्हती.

देशात पहिले गणकयंत्र आले ते कलकत्त्यास, भारतीय सांख्यिकी संस्थेत, १९५५ च्या अखेरीस. ‘हेक-२ एम’ हे ते ब्रिटिश बनावटीचे यंत्र विकत घेतलेले होते. त्याचा मूळ आराखडा लंडनच्या अँड्र्यू बूथ यांचा. यंत्राकडून भाषांतर करविता येईल काय, या प्रश्नाची चर्चा वॉरन वीव्हर यांच्याशी १९४६-४७ च्या सुमारासच करणारे जे बूथ, ते हेच. म्हणजे भारतात आलेल्या पहिल्या गणकयंत्राची वंशावळ भाषेच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. यंत्र येथे आले ते सांख्यिकीसाठी, हा भाग वेगळा.

मुंबईचा मार्ग निराळा होता. तेथे यंत्र विकत न घेता घडवावयाचे ठरले. रंगस्वामी नरसिंहन (१९२६–२००७) हे मद्रासला अभियांत्रिकी आणि अमेरिकेत पुढील शिक्षण पुरे करून १९५४ साली टाटा संस्थेत आले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली एका लहानशा गटाने काम हाती घेतले. गटातील बहुतेकांनी तोवर गणकयंत्र प्रत्यक्ष वापरलेले नव्हते. म्हणून प्रथम एक लहान प्रायोगिक यंत्र बांधण्यात आले. बारा बिटांचा एक शब्द आणि असे २५६ शब्द मावतील एवढी स्मृती, इतकाच त्याचा आवाका. १९५६ च्या अखेरीस ते चालू झाले. त्यापासून कितीसे गणित झाले हा प्रश्न गौण आहे, कारण ते शिकण्यासाठीच बांधलेले होते. १९५७ मध्ये मोठ्या यंत्राला आरंभ झाला. त्याची जुळणी फेब्रुवारी १९५९ मध्ये पूर्ण होऊन एका वर्षाने, फेब्रुवारी १९६० मध्ये, ते रीतसर वापरात आले. जानेवारी १९६२ मध्ये संस्थेच्या कुलाब्यातील नव्या वास्तूचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, त्या प्रसंगी त्यांनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. टाटा संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आणि त्यांपुढे ‘ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर’, असे ते नाव बनले आहे. नावातही मोजणीच आहे.

सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक यांची ही जुळणी होती. शब्दाची लांबी ४० बिटांची. फॉन नॉयमन यांच्या प्रिन्स्टनच्या यंत्राचे जे एक मोठे घराणे जगभर पसरले, त्यातील यंत्रांची हीच लांबी. इलिनॉय विद्यापीठाचे ‘इलियॅक’ हे त्याच घराण्यातले. एवढ्यावरून ‘टिफ्रॅक’ ही कोणाची तरी नक्कल होती असे मानणे मात्र बरोबर होणार नाही. त्या घराण्यातील आरंभीच्या यंत्रांत स्मृतीसाठी ऋणकिरण नलिका वापरीत आणि तिच्या पडद्यावरील विद्युत्भार क्षणोक्षणी ताजा करीत राहावे लागे. मुंबईच्या गटाने फेराइट कड्यांची स्मृती पत्करली. अमेरिकेतील ‘व्हर्लविंड’ यंत्रात ती १९५३ साली बसविण्यात आली होती, म्हणजे पद्धत नवीनच होती.

या कड्यांची युक्ती थोडक्यात सांगण्याजोगी आहे. चुंबकीय द्रव्याची इवलीशी कडी उजव्या वा डाव्या दिशेने चुंबकित करता येते. एक दिशा म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक. अशा कड्या जाळीसारख्या मांडून प्रत्येकीतून एक आडवी व एक उभी तार ओवलेली असते. कडीची दिशा पालटण्यास जेवढा प्रवाह लागतो त्याच्या निम्मा प्रवाह एका आडव्या तारेतून आणि निम्मा एका उभ्या तारेतून सोडला, तर त्या दोन तारा जेथे छेदतात तेथील एकच कडी पालटते. इतर कड्यांना निम्माच धक्का बसतो व त्या जागच्या जागी राहतात. वाचतानाही हेच करतात. कडी पालटली तर एका निराळ्या तारेत क्षणिक स्पंद उमटतो, न पालटली तर उमटत नाही. साहजिकच वाचल्याने लिहिलेले पुसले जाते आणि ते लगेच पुन्हा लिहावे लागते. वाचणे व पुन्हा लिहिणे मिळून होणाऱ्या या आवर्तनाला ‘टिफ्रॅक’मध्ये १५ मायक्रोसेकंद लागत. या स्मृतीत २,०४८ शब्द मावत, म्हणजे ८१,९२० बिट. आजच्या हिशेबाने एका अक्षरचिन्हास आठ बिट धरले तर ही दहा हजार चिन्हे होतात. प्रस्तुत लेखदेखील तीत मावला नसता.

येथे वापरलेल्या ‘शब्द’ आणि ‘स्मृती’ या संज्ञांकडेही क्षणभर पाहावे. यंत्राच्या शब्दाला अर्थ नसतो, त्याला फक्त लांबी असते. आणि जी वाचताच पुसली जाते तिला स्मृती म्हणणे मोठ्या धाडसाचे आहे. भाषेकडून उसन्या घेतलेल्या या संज्ञांनी पुढे भाषेविषयीच्याच विचारावर आपली छाया टाकली, तो विषय स्वतंत्र आहे.

यंत्रात मजकूर शिरे तो छिद्रांकित कागदी फितीवरून आणि बाहेर येई तो दूरमुद्रकावर. शिवाय आलेख दाखविण्यासाठी एक पडदाही जोडलेला होता, आणि ही सोय त्या काळी विरळाच होती. दूरमुद्रकांचा रूढ संकेत पाच छिद्रांचा. पाच जागी छिद्र असणे वा नसणे यांचे ३२ प्रकार होतात, आणि रोमन लिपीची २६ अक्षरे त्यांत सहज बसतात. मराठीची ळ धरून व्यंजनेच ३४ भरतात; स्वर, मात्रा, अनुस्वार आणि हलन्तचिन्ह वेगळेच. या हिशेबावरून देवनागरी लिपी यंत्रास मुळातच प्रतिकूल, असा निष्कर्ष काढणारे तेव्हाही होते आणि नंतरही झाले. तो टिकणारा नाही. दूरमुद्रकात ‘येथून पुढे दुसरे कोष्टक’ असे सांगणारे बदलचिन्ह असते व त्यामुळे जागा जवळजवळ दुपटीने वाढतात. रोमनमध्ये आकडे आणि विरामचिन्हे याच सोयीवर चालत. हिंदीसाठी नागरी दूरमुद्रक तयार झालेही. अडचण छिद्रांची कमी आणि प्राधान्याची अधिक होती. यंत्राकडे काम घेऊन येणारे भौतिकशास्त्रज्ञ आणि अभियंते होते. त्यांना अक्षरे लागत ती फितीवर शीर्षक छापण्यापुरती.

आणि तरीही अक्षरांची मोजणी त्याच वेळी दीडशे-दोनशे किलोमीटरांवर चालली होती. मराठीतील स्वनिमांची वारंवारिता आणि त्यावरून शीघ्रलिपीची आखणी, या विषयावरील श्री. भागवत यांचा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६१ साली प्रकाशित केला. स्वनिमांच्या वारंवारितेइतका यंत्राला साजेसा दुसरा भाषिक प्रश्न सांगणे कठीण. पदार्थविज्ञानाची आणि भाषेची मोजणी एकाच प्रदेशात शेजारी शेजारी होत होती, एवढे नोंदवून पुढे जावे.

‘टिफ्रॅक’वर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो टाळून चालणार नाही. ते वापरात आले तेव्हा जगात ट्रान्झिस्टरची यंत्रे आली होती. जे जन्मतःच जुने झाले ते घडविण्यात पाच वर्षे घालविण्यापेक्षा तयार यंत्र विकत घेणे शहाणपणाचे नव्हते काय? यंत्र हेच फळ मानले तर आक्षेप खरा आहे. १९६४ साली अमेरिकी साहाय्याने संस्थेत ‘सीडीसी ३६००’ हे ट्रान्झिस्टरचे प्रचंड यंत्र बसविण्यात आले आणि ‘टिफ्रॅक’चा काळ संपत आला. परंतु नवे यंत्र पेलणारी माणसे कोठून आली, हे पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. ज्यांनी कडी कडी तपासून स्मृती जुळविली त्यांना यंत्राच्या आत काय चालते ते माहीत होते. विकत घेतलेल्या यंत्राबरोबर हे ज्ञान येत नसते. त्यातही भाषेच्या अभ्यासकाला महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट म्हणजे ही माणसे पुढे कोणत्या प्रश्नांकडे वळली ती. ‘टिफ्रॅक’च्या उभारणीत सहभागी असलेले पी. व्ही. एस. राव यांनी मानवी वाणी यंत्राला ओळखता व उच्चारता यावी यासाठी संशोधन केले. नरसिंहन १९६१ ते १९६४ या काळात इलिनॉय येथे होते. तेथे मूलकणांच्या मार्गांची छायाचित्रे यंत्राकडून वाचविण्याच्या प्रयत्नात त्यांनी चित्राचेही व्याकरण लिहिता येते, ही कल्पना मांडली. बिंदूंपासून रेषा, रेषांपासून छेद, छेदांपासून आकृती, अशी वाक्यरचनेसारखी मांडणी करून चित्राचे वर्णन करावयाचे, असा तिचा आशय. उत्तरायुष्यात ते बालकाच्या भाषासंपादनाकडे वळले. भाषिक वर्तनाच्या प्रतिमानावरील त्यांचा ग्रंथ १९८१ चा आहे. गणकयंत्र बांधणारा अभियंता शेवटी मूल बोलावयास कसे शिकते या प्रश्नापाशी यावा, यात योगायोग फार थोडा आहे.

‘सीडीसी ३६००’ने सहा बिटांचा संकेत आणला. त्यात ६४ चिन्हे मावतात, आणि ती रोमन मोठी अक्षरे, अंक व विरामचिन्हे यांनी व्यापलेली होती. याच वर्षी, १९६४ मध्ये, अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाच्या कुचेरा आणि फ्रान्सिस यांनी दहा लाख शब्दांचा इंग्रजी भाषासंग्रह यंत्रस्थ केला. त्याच धर्तीचा संग्रह महाराष्ट्रात झाला तो कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली. सुमारे दोन हजार शब्दांचा एक याप्रमाणे ५०० उतारे, सर्व १९७८ साली प्रसिद्ध झालेले. १९८६ मध्ये तो अभ्यासकांना खुला झाला. त्याची भाषा मात्र भारतीय इंग्रजी. ‘कोल्हापूर’ हे नाव जगभरच्या भाषासंग्रहांच्या यादीत गेले, कोल्हापूरची भाषा गेली नाही. इंग्रजी विभागाने इंग्रजीचे काम केले यात दोष काढण्याचे कारण नाही. मराठीचे तसेच काम कोणाला करावयाचे असते तर त्याला आधी अक्षरांचे संकेत ठरविण्यापासून आरंभ करावा लागला असता, हा मुद्दा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्तीसुद्धा यंत्रस्थ झाली ती १९९० च्या दशकात जपानमध्ये, क्योतो येथील मुनेओ तोकुनागा यांच्या परिश्रमाने, आणि तीही रोमन अक्षरांत.

कोंडी फुटली ती कानपूरच्या तंत्रशास्त्र संस्थेत. तेथे १९८३ च्या सुमारास देवनागरी गणकयंत्राचा जो नमुना झाला त्यातून ‘जिस्ट’ हे तंत्र निघाले. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने ते वाढविले, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ हा आठ बिटांचा संकेत प्रमाण ठरविला. त्यातील मर्म असे की, साठवावयाचे अक्षर आणि दाखवावयाचा आकार यांची फारकत करण्यात आली. भोर तालुक्यातील दोन गावांची नावे घेऊन हे स्पष्ट करता येईल. ‘किकवी’ हे नाव टंकलेखन यंत्रावर ऱ्हस्व वेलांटीपासून सुरू होई, कारण कागदावर ती डावीकडे येते. ‘इस्की’त ते क, इकार, क, व, ईकार असे उच्चाराच्या क्रमाने साठते, वेलांटी डावीकडे न्यावयाची हे काम दर्शविणाऱ्या यंत्रणेचे. जोडाक्षरांचे शेकडो खिळे त्यामुळे अनावश्यक झाले. हलन्तचिन्ह मध्ये घातले की पुरे. ‘कामथडी’ सहा संकेतांत साठते. येथे या पद्धतीची मर्यादाही दिसते. बोलताना ‘म’मधील अकार लोपतो व ‘काम्‌थडी’ असा उच्चार होतो. संकेताला त्याचा पत्ता नाही. तो लेखनाचा विश्वासू लेखनिक आहे, उच्चाराचा नव्हे. यंत्राकडून हे नाव वाचवून घ्यावयाचे तर अकारलोपाचे नियम निराळे सांगावे लागतात.

‘युनिकोड’ने १९९१ मध्ये देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्या आधीच्या, १९८८ च्या, मसुद्यावरून घेतली आणि तिच्यासाठी १२८ स्थाने राखली. मराठीच्या दृष्टीने या मांडणीत दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली क्रमाची. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, संकेतांत तो ‘ल’ला लागून आहे. संकेतांच्या क्रमाने शब्द लावले तर ‘कळ’ हा ‘कवच’च्या आधी पडतो, वर्णमालेप्रमाणे तो नंतर यावयास हवा. शब्दसूची करणाऱ्याने क्रम वेगळा सांगितला नाही तर यंत्र आपला क्रम चालविते. दुसरी गोष्ट अधिक नाजूक. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द केवळ रकाराच्या रूपाने निराळे होतात, आणि हा भेद मराठीत अर्थभेदक आहे. भोर-वेल्ह्याकडच्या दऱ्यांना दर्या करून भागणार नाही. ‘दऱ्या’मधील रकारासाठी नुक्ता असलेल्या ‘ऱ’चा संकेत योजावा असे ठरले. परंतु साधा ‘र’, हलन्तचिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असे लिहिले तरी पडद्यावर तोच आकार उमटतो, आणि जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून ही रीतही मान्य ठेवलेली आहे. डोळ्यांना एकच दिसणारा शब्द यंत्राच्या लेखी दोन होतो. एका रीतीने लिहून शोध घेतला तर दुसऱ्या रीतीने टंकलेले ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘पुढाऱ्या’ हाती लागत नाहीत आणि वारंवारितेचे आकडे मुकाट्याने कमी भरतात. मराठीचा भाषासंग्रह मोजावयास बसणाऱ्याने म्हणून पहिली मोजणी या दोन रीतींची करावी आणि त्यांपैकी एक दुसरीत मिळवून घ्यावी. शब्दांची मोजणी त्यानंतर.